डाव्या बाजूची जागा

या शाळेत लागले त्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी म्हटलं, "घरचा बैल काढा." दुसरं काही नाही, फक्त घरचा बैल. मला वाटलं, शेतकऱ्यांची पोरं आहेत, डोळे मिटून काढतील. तास संपला, कागद गोळा केले आणि पाहते तर काय, अर्ध्याअधिक बैलांच्या पायांखाली चाकं!

मी कपाळावर हात मारला. "अरे, तुमच्या घरचे बैल काय चाकांवर चालतात?"

मागच्या बाकावरची एक पोट्टी हळूच म्हणाली, "बाई, तो तान्ह्या पोळ्याचा हाय."

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो. लाकडाचा बैल, खाली चार चाकं, गळ्यात घुंगरू, आणि दोरी धरून ओढत पोरं घरोघरी मिरवतात. सिंदी गावाकडे तर त्याचा थाट विचारूच नका. या पोरांनी इमानदारीनं आपला बैल काढला होता.

"अन् गोठ्यातला तो कोणाचा?" मी विचारलं.

"तो बाबाचा हाय."

हसू आलं, पण ते मी दाबलं, कारण पहिल्याच वर्षी बाई हसऱ्या निघाल्या की पोरं डोक्यावर बसतात. मला तसाही राग लवकर येतो आणि आवाज मोठा आहे. मी ओरडले की समोरच्या कडुनिंबावरची पाखरं उडतात असं हेडसर सगळ्यांना सांगत असत. ते खोटं आहे. एकदाच उडाली होती.

मी वर्ध्याची. रोज सकाळी एसटीनं सेलूकडे यायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढे चालत शाळा गाठायची. नागपूरला चित्रकला शिकले तेव्हा प्लास्टरचे हात, प्लास्टरचे पाय, मडकं आणि त्यामागे लोंबणारं फडकं एवढंच काढत होते. जिवंत काही समोर ठेवलंच नाही कोणी. इथे आले तर पोरांच्या वह्यांत काय? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि बाजूला नारळाचं झाड. वर्ध्यात नारळ! पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेतात जन्म गेलेली पोरं नारळाचं झाड काढतात, आणि ते काढलं की सरळ दहापैकी सात द्यायची आधीची पद्धत होती. मी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, ज्याच्या चित्रात नारळ दिसेल त्याचा कागद मी त्याच्याच हातानं फाडायला लावीन.

चाकांचे बैल पाहिल्यावर मात्र ठरवलं, हे वर्गात बसून व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाट्या-पॅडं घेऊन सगळ्यांना शाळेमागच्या गोठ्यांकडे नेलं. हेडसर फाटकापर्यंत मागे आले.

"बाई, चित्रकलेचा तास वर्गात असते न?"

"सर, म्हैस वर्गात येत असेल तर मी वर्गातच घेते."

त्यांनी थोडा विचार केला. "नाई, तुमीच जा," म्हणाले. या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. कपाळाला आठ्या घातल्या, पण त्यांनी मला नाही असं कधीच म्हटलं नाही.

गोठ्याच्या दाराशी मी एक नियम केला. खोडरबर माझ्या पिशवीत जमा करायचा. आधी पाहायचं, जनावराच्या अंगावर हात ठेवायचा, हाड कुठे आहे, मांस कुठे आहे ते चाचपायचं, मगच पेन्सिल. चुकलं तर चुकलं, बाजूला दुसरी रेघ मारायची. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. "बाई, कोंबडी हालून राह्यली!" "मग काय तिले खुर्ची देऊ बसाले?" एका बकरीनं एका पोराचं चित्र कोपऱ्यापासून खायला सुरुवात केली, आणि त्यानं ओढून घेतलं तोवर चित्रातलं स्वतःचंच डोकं तिनं खाऊन टाकलं होतं. म्हशी काढायच्या दिवशी वर्गातले सगळे काळे खडू संपले. पण हळूहळू कागदावर जे यायला लागलं ते पाहून मी एसटीत एकटी हसायचे. गाईच्या पाठीचा खोलगट बाक. रवंथ करताना एका बाजूला सरकलेला जबडा. पिल्लांवर पसरून बसलेली कोंबडी, नुसता गोळा, पण बघताक्षणी कळावं की हिच्याखाली काहीतरी आहे.

चाकांचा बैल काढणारी ती मागच्या बाकावरची पोट्टी या सगळ्यांत निराळी होती. फारशी बोलत नसे. पण बाकी सगळी पोरं जनावराला आडवं काढत, म्हणजे तोंड एकीकडे, शेपूट दुसरीकडे, आणि ही जिथे उभी राहील तिथून जसं दिसेल तसं काढी. समोरून गाय काढली तर दोन नाकपुड्या आणि वर शिंगं, बाकी गाय मागे लपलेली. असा विद्यार्थी आयुष्यात एकदा तरी मिळावा अशी माझी इच्छा होती, ती पुरी झाली.

ती आठवीत गेली त्या पावसाळ्याची गोष्ट आहे. पेरण्या झाल्या आणि तिच्या घरच्या जोडीतला एक बैल पोट फुगून मेला. डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. ती चार दिवस शाळेत आली नाही.

पोळा जवळ आला म्हणून मी वर्गाला पुन्हा तेच सांगितलं, घरचा बैल. या वेळी चाकं कोणीच काढली नाहीत. पण हिच्या बाकाभोवती एकदम खिदळणं सुरू झालं.

"बाई, बाई, हिनं बैलाचं ढुंगण काढलं!"

मी जाऊन पाहिलं. खरंच, तिनं बैल मागून काढला होता. दोन्ही बाजूंनी वर आलेली हाडं, मधून खाली सुटलेली शेपटी, पलीकडे वशिंडाचा उंचवटा आणि त्याच्यावर शिंगांची टोकं. आमच्याकडचे गवळाऊ बैल पांढरे, लांबट अंगाचे असतात, तो सगळा सडपातळपणा मागूनसुद्धा दिसत होता. खांद्यावर जू होतं. पण बैल कागदाच्या अगदी उजव्या कडेला, आणि डावीकडचा अर्धा कागद कोरा. नुसता कोरा नाही. जू पूर्ण काढलेलं, थेट डाव्या टोकापर्यंत, खुंट्यांसकट, आणि त्याच्याखाली कोणीच नाही.

"एवढा कागद मोकळा अन् बैल कोपऱ्यात काऊन?" मी विचारलं.

"तो उजव्या हाय, बाई. त्याले डावीकून नाई उभं राह्यता येत. डावीकून दुसरा राहे."

आणि मग एकदम, मी न विचारताच, तिनं सगळं सांगून टाकलं. जोडीतल्या प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते. लहानपणी ज्या बाजूला जुंपून शिकवलं ती जन्मभराची. तिच्या बाबानं दोन-तीन बाजार पाहिले. सगळीकडे जोड्याच. एकटा, वयाला जुळणारा आणि तोही डाव्या बाजूचा कुठून मिळणार? तरणा गोऱ्हा आणून शिकवावा तर म्हातारा उजव्या त्याला शिंगानं रेटतो. बाबा म्हणाला, जोड भेटली तं ठेवतो, नाई तं पोळ्याच्या आदी इकतो. पोळ्यात तोरणाखाली एकटा बैल कसा उभा करायचा? आणि विकला तर कोण घेणार, कशासाठी घेणार, ते तिला सांगायची गरज नव्हती. आठवीतल्या पोरीला ते कळतं.

"मले तो घरीच पाह्यजे, बाई," ती म्हणाली. एवढंच.

मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. जायला नको होतं, पण माझं डोकं फिरलं की पाय थांबत नाहीत. तिच्या वडलांनी बाज टाकली, चहा दिला आणि माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मी काय काय बोलले, आता आठवलं तरी लाज वाटते. बैल म्हणजे घरचा माणूस, वगैरे. ज्यानं त्या बैलाला लहानाचं मोठं केलं त्याला मी हे सांगत होते!

"बाई," तो म्हणाला, "मले का तो जड झाला? पन दावनीले एकटा उभा राह्यते तं दिवसभर डावीकळं पाह्यते. चारा टाकला तं अर्धाच खाते, त्याच्यासाठी ठेवल्यासारखा. मले पाह्यवत नाई. तुमी चित्र काढा. बैलाचं मी पाह्यतो."

मी बैलाला जाऊन पाहिलं. तो खरंच खुंट्याच्या उजव्या बाजूला सरकून उभा होता, पूर्ण गोठा मोकळा असताना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि फाट्यापर्यंत चालत स्वतःशीच भांडत आले. भांडण कोणाशी होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. तिच्या वडलांचं काहीच चुकत नव्हतं ना!

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला आमच्या शाळेत सगळं गाव येतं, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरचीही माणसं येतात, कारण पोरांचे नाच असतात. त्या दिवशी व्हरांड्यात सुतळी बांधून मी चित्रं टांगते. आदल्या संध्याकाळी मी चित्रं लावत होते आणि हेडसर मागून आले. बैलाच्या चित्रापाशी थबकले.

"बाई, उद्या सरपंच येऊन राह्यले, पाहुणे येऊन राह्यले. आल्या आल्या समोर हे… हे असं दिसन तं बरं दिसते का? जरा कोपऱ्यात घ्या न."

खरं सांगते, तोवर ते चित्र दाराच्या थोडं बाजूलाच होतं. "कोपऱ्यात घ्या" म्हटल्यावर मात्र मी ते काढलं आणि बरोबर मधोमध, दाराच्या समोर लावलं. "तुमी नाई ऐकाच्या," सर म्हणाले, आणि उलट माझंच स्टूल धरून उभे राहिले, मी पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी झेंडा झाला, भाषणं झाली, नाच झाले. चॉकलेटं वाटली गेली. लोक चित्रांसमोरून येत-जात होते. बैलापाशी आले की पोरं खिदळत, बायका पदर तोंडाला लावत. एक बाई मात्र तिथून हलेना. नाल्यापलीकडच्या वस्तीवरची, साठीच्या घरातली, नऊवारी घट्ट खोचलेली. नवरा गेल्यापासून शेती स्वतःच करते असं मला नंतर कळलं. नातवाचा नाच बघायला आली होती. ती चित्रासमोर इतका वेळ उभी राहिली की माझी छाती फुगली. म्हटलं, कोणीतरी आहे बाप्पा चित्र पाहणारं! मी पुढे झाले आणि तिला सांगायला लागले, बघा, सावली कशी दिली आहे, पाठीचं हाड कसं एका रेघेत आलं आहे.

"चित्र चांगलंच हाय," तिनं मला मधेच तोडलं. "पन हा उजव्या हाय का अजून, का इकला?"

मला क्षणभर काही कळेचना. "कोण?"

"अव, हा!" तिनं बोटानं बैल दाखवला, मग कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "याचा डाव्या गेला. दिसून राह्यलं न. माह्या घरी डाव्या हाय. माह्यावाला उजव्या उन्हाळ्यात गेला. तवापासून मी बी हुडकून राह्यली."

तिच्या हिशेबानं ते चित्रच नव्हतं. नांगरामागे चालणाऱ्या माणसाला रोज दिसतं ते होतं, फक्त त्यातलं एक जनावर कमी होतं, आणि ते कोणतं, हे तिला एका नजरेत समजलं होतं. नागपूरला शिकताना चित्रातल्या मोकळ्या जागेवर आम्हाला तासचे तास व्याख्यानं दिली होती. त्या जागेकडे बघून कोणी बैल मागेल असं एकाही सरांनी सांगितलं नव्हतं.

मी त्या पोरीला हाक मारली. हो, त्या वेळी पाखरं उडाली असतील तर उडोत. ती नाचाच्या कपड्यांत धावत आली. त्या वस्तीवरच्या बाईनं तिला विचारलं, "तुह्या बाबाचा बैल हाय का गं घरी?"

"हाय."

"चाल मंग."

मला माझी एसटी सोडावी लागली. सोडली. आम्ही तिघी आधी पोरीच्या घरी, मग तिच्या वडलांना घेऊन उजव्यासकट नाल्यापलीकडे गेलो. तिचे वडील वाटेत एकच वाक्य बोलले, "दोन्ही बुढे हायेत, जमन का नाई सांगता येत नाई." पोरगी बैलाच्या अंगाला चिकटून चालत होती. नाचाची लाल लिपस्टिक तिच्या ओठांवर तशीच होती.

त्या बाईनं आपला डाव्या अंगणात आणला. रंगानं जरा मळकट, एक शिंग थोडं वाकडं. दोघं समोरासमोर आले. हुंगलं. उजव्यानं मान खाली घातली, फुसकारा टाकला, आणि मी पोरीला मागे ओढलं, कारण त्यानं गोऱ्ह्याला रेटलं होतं ते मी ऐकलं होतं. पोरीच्या वडलांनी त्या बाईला म्हटलं, "मावशी, समोरून नको. जू आना."

जू आणलं. उजव्याच्या मानेवर ठेवलं. आणि काय सांगू, जू मानेवर येताच तो बैल आपण होऊन उजवीकडे सरकला. कोणी ढकललं नाही, हाकललं नाही. डाव्या बाजूला बरोबर एका बैलाची जागा करून उभा राहिला. मावशीनं तिचा डाव्या मागून आणला, तो त्या जागेत शिरला आणि त्यानं मान खाली केली. झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो… चाल," तिचे वडील म्हणाले, आणि ते चालले. अंगणभर एक फेरी मारली, मग दुसरी. वडलांनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. मी मात्र तोंड फिरवलं नाही. मी सरळ रडले. मावशी मला म्हणाली, "बाई, तुमाले का झालं?" आणि सगळेच हसले.

विकत-बिकत कोणी कोणाला दिला नाही. सावड ठरली. काही दिवस यांच्या शेतात, काही दिवस त्यांच्या, आणि बैल दोघांचे. आमच्याकडे असं चालतं, नवीन नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. या जोडीला दोन घरांचं आवतण. "पोट बिघडन त्याइचं," मी म्हटलं, तर मावशी म्हणाली, "वर्षातून एकदा, बिघडू द्या." दुसऱ्या दिवशी मी सुट्टी असूनही वर्ध्याहून आले. तोरणाखाली रांगेत ती जोडी उभी होती, झुली पांघरलेली, शिंगांना रंग, कपाळावर बाशिंग. उजव्या उजवीकडे. ती पोरगी त्याचं दावं धरून उभी होती, आणि मला पाहिल्यावर तिनं नुसती मान हलवली, मोठ्या माणसासारखी.

मी शिक्षिका आहे, पगार घेते, पोरांना शिकवते. पण या गावानं मला जे दिलं त्याची परतफेड माझ्याच्यानं होणार नाही. त्या पोरीची मी ऋणी आहे, मावशीची आहे, स्टूल धरणाऱ्या हेडसरांची आहे, आणि हो, त्या दोन म्हाताऱ्या बैलांचीही आहे. हे मी मनापासून म्हणते, कोणाला हसू आलं तर येऊ द्या.

पोळा सरल्यावर मी सुतळीवरची चित्रं काढली. ते चित्र तिच्या बाकावर ठेवलं, पेन्सिल दिली, आणि फार आनंदात म्हटलं, "घे, आता डाव्याले बी काढ. कागद पूर्ण कर."

तिनं पेन्सिल घेतली नाही. कोऱ्या जागेवर तळहात ठेवला, जनावराच्या अंगावर ठेवायला मी शिकवला होता तसा.

"नाई, बाई," ती म्हणाली. "ही जागा पयल्याची हाय. या नव्या डाव्यासाठी मले नवा कागद द्या."

मी कपाटातला सगळ्यात मोठा कागद काढून दिला.